वालीवच्या माळ्यावरचे मेंदू

मर्सीताई, नंदू आणि मी आजही भेटलो की चहा निवेपर्यंत निदान तीन किस्से होतात. कुणी लिहून ठेवलेले नाहीत, त्यामुळे दर खेपेला थोडे फुगतात. इथे सांगतोय ते त्यातल्या त्यात कमी फुगलेले.

२००० नंतरची गोष्ट. वालीवच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका गाळ्याच्या माळ्यावर तीन कॉम्प्युटर मांडून आम्ही लहान मुलांच्या मेंदूचे एमआरआय बघायचो. निदान करणं आमचं काम नव्हे, ते मुंबईच्या डॉक्टर मॅडमचं. सॉफ्टवेअर मेंदूच्या वळ्यावळ्यांच्या सालीला दोन रेघा काढायचं, आतून पिवळी, बाहेरून लाल. रेघ चुकली की आम्ही ती माउसने दुरुस्त करायची.

मॅडमनी तीन महिन्यांची ट्रायल दिली होती. काम पसंत पडलं नाही तर माळा बंद आणि मी परत खाली, पॉवर प्रेसवर पत्रा कापायला. त्या प्रेसने माझं एक बोट आधीच नेलं होतं. माळ्याचं काम सांभाळणाऱ्या मर्सीताईंनी मला तिथून उचलून वर आणलं, नऊ बोटांना माउस शिकवला. हे उपकार मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

* * *

शेजारच्या गाळ्यात पट्ट्यांची बकलं बनायची. तिथले शेठ एकदा वर डोकावले.

"तुम्ही काय बनवता?"

"मेंदू," नंदू म्हणाला.

शेठ जराही दचकले नाहीत. "दिवसाला किती डझन निघतात?"

* * *

डझन कसले! एका मुलाच्या चित्रांवर सॉफ्टवेअरचा रन पुरा व्हायला दीड दिवस लागायचा, आणि मध्येच लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. मर्सीताई भुईगावच्या. त्यांनी चर्चमधल्या सायबीण मातेला मेणबत्ती बोलली, आणि खरोखरच दीड दिवस लाइट गेली नाही. आम्ही हात जोडून रिझल्ट उघडला. सॉफ्टवेअरने चित्रातली कवटी नीट काढून टाकली होती, पण मेंदूबरोबर दोन्ही डोळे ठेवले होते.

मर्सीताई शांतपणे म्हणाल्या, "मी लाइटीचं बोलले होते. डोळ्यांचं नव्हते बोलले."

* * *

हे सॉफ्टवेअर मोठ्या माणसांच्या मेंदूवर तयार झालेलं. मुलांच्या मेंदूत पांढरा भाग आणि करडा भाग यांतला फरक फिका असतो, मग ते बावचळायचं. त्यातून मूल मशीनमध्ये हललं, की चित्रावर लाटाच लाटा. मी वैतागून म्हटलं, "ही पोरं एक मिनिट गप्प पडत नाहीत."

मर्सीताई म्हणाल्या, "तू चर्चमध्ये आमच्या पोरांना बघ. मशीनमध्ये तर फादरसुद्धा नाही."

* * *

आता नंदूचं. नंदू जूचंद्रचा, रांगोळीवाल्यांच्या गावचा. त्याचा हात इतका स्थिर की त्याने दुरुस्त केलेली रेघ बघतच राहावी. दुसऱ्या महिन्यात त्याच्या हातच्या बारा मुलांच्या फाइली पाठवल्या आणि दुसऱ्याच दिवशी मॅडमचा फोन आला. मर्सीताईंनी स्पीकर लावला.

"यातल्या एकाही मुलाचा मेंदू खरा वाटत नाही. डावी बाजू हुबेहूब उजवीसारखी कशी?"

नंदू पुढे सरकला. "मॅडम, डावीकडं वाकडी होती, मी सारखी केली. दोनी बाजू सारख्या नको का?"

 मग मॅडम म्हणाल्या, "देवाने केल्या नाहीत. तुम्हीही करू नका."

ट्रायल गेली असंच मी धरलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पण मॅडमनी बाराही मुलं पुन्हा करायला दिली, आणि आम्ही तिघांनी मिळून ती केली. नंदू आठवडाभर कुणाशी बोलला नाही.

* * *

शेवटच्या दिवशी मॅडम स्वतः आल्या. बूट काढून माळ्यावर चढल्या, चहा नको म्हणाल्या आणि एकेक फाइल उघडू लागल्या. आम्हाला नावं माहीत नसत, फक्त नंबर. एका नंबरवर त्या थांबल्या. डाव्या बाजूला एका वळीत लाल रेघ भलतीच आत गेली होती. दुरुस्त न करता तशीच पाठवलेली!  शेजारी शेऱ्याच्या जागी मराठीत लिहिलं होतं: 'इथे मला कळत नाही. हात लावला नाही.'

"हे कुणी लिहिलं?"

नंदू उभा राहिला. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं, मूळ चित्र काढून तीच जागा तीन बाजूंनी तपासली. मग म्हणाल्या, "फोन कुठाय तुमचा?"

आम्हाला ऐकू आलं ते एवढंच. "हो, मीच बोलतेय. उद्या मुलीला घेऊन या. तिच्या फिट्स जिथून सुरू होतात ना, ती जागा बहुतेक सापडली. नाही, रडू नका. आधी या."

फोन ठेवून त्या तशाच बसून राहिल्या.  शेवटी मर्सीताईंनी माझ्या हाताकडे एकदा बघितलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, आमची ट्रायल?"

"तुमची?" मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "ती मघाशीच संपली."