काल एडुक्कणुम

एग्मोर स्टेशनच्या तिकीटखिडकीवर सेतुमाधवरावांची सगळी नोकरी गेली. गाडी उशिरा असली तर ते तोंडावर सांगत, थाप म्हणून मारत नसत. असा माणूस म्हातारपणी धडधडीत खोटं बोलला, आणि तेही डॉक्टरीणबाईंशी! भीती काय काय करवून घेते, बघा.

त्यांच्या हृदयाची झडप आकसली होती. चार पावलं टाकली की धाप लागायची. छाती न उघडता, जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी वर सरकवून नवी झडप बसवायची, असं घाटत होतं. पण ती वाट मोकळी हवी. तीच तपासायला ते बायकोला, अलमेलूला, घेऊन इस्पितळात आले होते. पडद्याआड नर्स फोनवर बोलत होती. "काल..." मध्येच ट्रॉली खडखडत गेली, आणि मग ऐकू आलं, "...एडुक्कणुम."

तमिळमध्ये काल म्हणजे पाय, एडुक्कणुम म्हणजे काढायला हवं. रावांनी ऐकलं ते एवढंच: पाय काढायला हवा. थोरल्या भावाच्या, गिरीधरच्या, वेळी हेच शब्द कानांवर पडले होते. साखरेनं त्याचा पाय गेला, आणि पाठोपाठ तोही.

डॉक्टर नंदिता आल्या. त्यांनी दोन्ही जांघांत बोटं दाबून नाडी पाहिली, मग पावलांवरची. उजव्या पावलावर त्यांची बोटं रेंगाळली.

"चालताना पोटरी दुखते? थांबलं की बरं वाटतं?"

"छे छे! घोड्यासारखा चालतो मी," राव म्हणाले. कपाळावरून घाम ओघळत होता.

"अय्यो! मग रोज कोविलला, देवळात जाताना वाटेवर थांबता ते कशाला हो?" अलमेलूनं मराठीत विचारलं.

"तू गप ग! पाय काढणार आहेत माझा, मी ऐकलंय. झडप नको, काही नको. घरी चल!"

अलमेलूनं हे डॉक्टरांना तमिळमध्ये सांगताच पडदा सारून नर्सच आत आली. "काल स्कॅन एडुक्कणुम म्हटलं मी, तात्ता! पायाचा स्कॅन काढायचाय, पाय नाही, आजोबा!"

हसू मात्र कुणालाच आलं नाही. अलमेलू नवऱ्याकडे वळली. "घोड्यासारखा चालतो, असं थोरले भावजीही म्हणायचे," ती म्हणाली. "पाय काळा पडेपर्यंत म्हणत होते."

रावांनी उजव्या पोटरीवर हात ठेवला. मग पुटपुटले, "उजवी दुखते. फार दुखते."

स्कॅनच्या वेळी टोचलेलं औषध अंगात गरम पसरलं तेव्हा त्यांनी देवाचं नाव घेतलं, पण उठून पळाले नाहीत. निकाल घेऊन नंदिताबाई आल्या. "उजवीकडची वाट अरुंद झालीय, तिच्यावरही उपचार करू. डावी चांगली रुंद आहे. झडप तिथून जाईल."

रावांनी चादरीखाली उजव्या पायाची बोटं हलवून पाहिली आणि त्यांना रडू फुटलं.

"गिरीधरला कुणी वेळेवर विचारलं असतं तर, ग..."

"विचारलं होतं," अलमेलू म्हणाली. "मीच विचारलं होतं."