कुळाचा गुरू

सत्यशीला चकलांब्याला सून म्हणून आली तेव्हा तिचं बी.ए.चं शेवटचं वर्ष तेवढं राहिलं होतं. ते पुरं करावं असं तिच्या फार मनात. पण सासू छबुबाईंचं एकच म्हणणं, "आपल्या कुळाच्या गुरूनं सांगितलं तर बघू." आणि गुरुमहाराज तर केव्हाच समाधिस्थ झालेले; त्यांच्या गादीवर पुढं कोण बसलं, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग एका हिवाळ्यात गावात कॉलेजच्या पोरांचं शिबिर लागलं. समारोपाला विद्यापीठाचे कुलगुरू येणार, जेवायला आपल्याच घरी, असं तिचा नवरा सिदू सांगत आला. छबुबाईंनी त्यातलं 'कुलगुरू' तेवढं ऐकलं. देवघरातलं ताम्हण घासलं, तांब्यात ऊन पाणी घेतलं आणि दारात उभ्या राहिल्या. घोटाळा सत्यशीलेच्या ध्यानात आला होता, पण ती बोलली नाही. देवानंच दार उघडलं असेल तर आपण कशाला लोटून घ्या?

कुलगुरू सर गाडीतून उतरले. साधा सदरा, धुळीनं भरलेल्या चपला. छबुबाई पाय धुवायला वाकल्या. "महाराज, लई दिसांनी आमची आठवण झाली. ह्या सुनेला शिकवू का नको, तेवढं सांगा."

सत्यशीला सरांच्या तोंडाकडं बघू लागली. एका शब्दाचं काम होतं.

सरांनी पाय मागं घेतले, हात जोडले. "आई, मी महाराज नाही. विद्यापीठातला पगारी माणूस. शिकवावं असं मला वाटतं, पण गुरू म्हणून सांगायचा मला हक्क नाही. ठरवायचं तुम्ही."

सत्यशीला पानं मांडायला आत वळली. सिदू पुटपुटला, "घटकाभर महाराज व्हायला काय जात होतं यांचं?"

पंगत बसली. सरांनी ड्रायव्हर जावेदला शेजारी बसवून घेतलं, त्याच्या ताटात भाकरी पडेपर्यंत घास मोडला नाही. जेवण झाल्यावर आपलं ताट उचलून स्वतः मोरीवर नेलं. छबुबाई अडवायला उठल्या तर जावेद हसला, "ऱ्हाऊ द्या आई, ते कुनाचं ऐकत न्हाईत. गाडी धुवायला बी येतेत."

गाडी गेली. छबुबाई कोरडंच राहिलेलं ताम्हण जागेवर ठेवत म्हणाल्या, "आयती पूजा चालून आलती, ती बी घेतली न्हाई त्यानं. असा मानूस शिकवावं म्हनतो, ते खोटं कावून सांगंल? बस जा परीक्षेला."

सत्यशीला आज गावातल्याच शाळेत शिकवते. रोज सांजेला दिवा लावताना सासू-सुना मिळून हात जोडतात. छबुबाई घरादारासाठी मागून झालं की शेवटी म्हणतात, "आन् त्या पगारी मानसाला बी सुखी ठेव, देवा."