अळणी थेंब

विमलाबाई शितपांना शिकवायला सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर नाहीसं होणारं पाणी. त्या लांज्याकडच्या एका कातळसड्यावरच्या गावात वाढल्या. लहानपणी पेजेच्या टोपावरची वाफ बघत बसल्या की आई ओरडायची, "झोपलीस काय गो चुलीपाशी?" पुढे लग्न होऊन रत्नागिरीला आल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागल्या. पहिली-दुसरीची पोरं सांभाळता सांभाळता अठ्ठावीस वर्षं गेली, केस पिकले, पण वाफेकडे बघत राहायची खोड काही गेली नाही.

ऑक्टोबरचं ऊन तापलं की त्या दुसरीच्या वर्गाला बाहेर जांभ्याच्या पायऱ्यांवर नेत. बादलीत हात बुडवायचे आणि दगडावर पंजा उमटवायचा. मग नुसतं बघत बसायचं. पंजा कडेकडेने फिका होई, बोटं आखडत जात, तळव्याचा एक ठिपका उरे आणि बघता बघता तोही दगडात विरून जाई. लांबून समुद्राची गाज तेवढी ऐकू येई.

"मेलं काय बाई पाणी?" कुणीतरी विचारायचंच.

"मरतंय कसलं! हवेत गेलं. आपल्या अवतीभवतीच फिरतंय, दिसत नाही इतकंच. गार जागा मिळाली की परत थेंब होऊन बसेल."

हे त्यांनी यंदाही सांगितलं होतं. आणि त्याच आठवड्यात, शुक्रवारी, तो प्रकार झाला.

संस्कृती सात वर्षांची. तिचा बाप अनिल बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला. उन्हाचं पोरीला गार पाणी मिळावं म्हणून तो तिच्या स्टीलच्या बाटलीत रोज बर्फ भरून द्यायचा. ती बाटली खिडकीत ठेवलेली होती आणि तिच्याखाली वर्गातल्याच स्वरूपचं होडीचं चित्र. मधल्या सुट्टीनंतर बघतात तर चित्र चिंब भिजलेलं, शिडाचा लाल रंग होडीभर ओघळलेला.

"संस्कृती, झाकण नीट लावलं नव्हतंस?"

"लावलेलं, बाई. गच्च."

"मग पाणी काय हवेतून आलं?"

वर्ग खो खो हसला. स्वरूप ओरडला, "खोटारडी!" विमलाबाईंनी त्याला गप्प केलं नाही. उलट शाळा सुटल्यावर तिला न्यायला आलेल्या आईला म्हणाल्या, "पोर गुणी आहे हो, पण चूक कबूल करत नाही."

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर विमलाबाईंनी फ्रीजमधून सोलकढीचं भांडं काढलं आणि ओट्यावर पांढऱ्या फडक्यावर ठेवलं. वारा पडलेला, डोळे जड झालेले. भांड्यावर धुकं धरलं, मग त्याचे बारीक बारीक थेंब झाले, एक थेंब दुसऱ्याला मिळून खाली घरंगळला. त्या कितीतरी वेळ तंद्रीत बघत होत्या. भांडं उचललं तर फडक्यावर ओलं कडं उमटलेलं. गुलाबी नव्हे, अगदी स्वच्छ पाण्याचं.

त्या खाडकन भानावर आल्या. पाणी हवेतूनच आलं होतं! पोरीला हिणवायला म्हणून जे बोलल्या, नेमकं तेच खरं. आणि हे वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या त्याच.

सोमवारी संस्कृती आली ती थेट शेवटच्या रांगेत बसली. बाटली नव्हती.

"बाटली कुठाय गो?"

"आयेनं माळ्यावर टाकलीन." एवढंच बोलून ती खाली बघत राहिली.

विमलाबाईंनी येता येता बर्फ आणलाच होता. शाळेत पोरांचं जेवण शिजवणाऱ्या येसूबाईंकडून मूठभर मीठ मागून आणलं. आपल्या बाटलीत मीठ, पाणी, बर्फ सगळं घालून एकेकाच्या हातावर थेंब दिला. "शी, खारट!" पोरांनी तोंडं वाकडी केली. मग झाकण गच्च लावून बाटली उलटी धरून दाखवली, पदराने बाहेरून कोरडी केली आणि मधोमध ठेवली.

"आता बोलायचं नाही."

बाटलीवर धुकं चढलं. धुक्याचे मणी झाले.

"संस्कृती, तू चाख."

ती उठली. बोटावर एक थेंब घेऊन जिभेला लावला, खूप विचार केल्यासारखे डोळे मिटले. "अळणी."

"म्हणजे आतलं नाय?" स्वरूप पुढे सरकला.

"आतलं असतं तर खारट लागलं असतं. हे हवेतलं. संस्कृती खरं बोलत होती आणि मी तिला खोटं पाडलं. चुकलं माझं."

संस्कृती हसली नाही. "आयेला पण सांगा."

"सांगेन हो."

"आज."

संध्याकाळी विमलाबाई तिच्याबरोबर बंदराकडच्या आळीत गेल्या. आई दारात बांगडे साफ करत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बर्फाच्या पेटीला तर रोज घाम सुटतो, बाई. माझ्या डोळ्यासमोरची गोष्ट. पण तुमी बोललात. शाळेच्या बाई बोलल्या म्हणजे खरंच असेल, म्हणून दोन रट्टे दिले तिला."

"बसा, च्या टाकते," म्हणत ती हात धुवायला उठली.

तोवर संस्कृतीने माळ्यावरची बाटली उतरवून, मीठ, पाणी, पेटीतला बर्फ भरून शेजारच्या काकीचं दार गाठलं होतं. शुक्रवारचं तिचं रडणं साऱ्या आळीने ऐकलेलं.

"काकी, आधी आतलं चाख. आता भायेरचं."

"मेली बाटली कोण चाटणार गो?"

"चाख ना!"

काकीने नाक मुरडत बोट लावलं. "अळणी हाय."

"मग?"

"मग काय?"

पोर दारातून हलेना. शेवटी काकीच हसली. "बरं बाय, नाय गळत तुझी बाटली. खोटं नाय बोललीस तू."

संस्कृतीने फ्रॉकने बाटली कोरडी केली आणि ती पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आळीत अजून नऊ घरं होती.