पाटणच्या घरात आलेला अण्णांचा आवाज

भूत, भास, संकेत... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. धंद्यामुळेच म्हणा. सिनेमाच्या शूटिंगला जागेवरचा आवाज रेकॉर्ड करणं हे माझं काम. हेडफोनमध्ये विचित्र काही आलं की मी कारण शोधतो, आणि ते सापडतंच — शेजारचा फ्रिज, विहिरीवरची मोटर, नाहीतर एखाद्याचं गुरगुरणारं पोट! या ग्रुपवरचे लोकांचे अनुभव वाचून मी हसायचो. आता हसत नाही.

मी मूळचा रहिमतपूरचा, राहतो पुण्यात. गावाकडं आई आणि अण्णा, म्हणजे माझे वडील. तंबाखूनं अण्णांना घशाचा कॅन्सर झाला आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. आता श्वाससुद्धा गळ्यातल्या भोकातून. ऑपरेशनच्या आधी मी मुद्दाम माईक घेऊन गेलो होतो. तर म्हणाले, "माझा आवाज कशाला रं? मी काय नट हाय व्हय?" राहूनच गेलं. घरात त्यांच्या आवाजातलं एकही वाक्य रेकॉर्ड केलेलं नाही. माझ्या लग्नाच्या व्हिडिओतही नुसता बँड.

त्यानंतर दुसऱ्या वर्षी पाटणच्या पुढं, कोयनेच्या अंगाला, भाड्यानं घेतलेल्या एका घरात शूटिंग होतं. दुपारी सीन संपला आणि मी रूम टोन घ्यायला सगळ्यांना गप्प केलं. रूम टोन म्हणजे खोलीचा नुसता आवाज. कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही. एडिटिंगमध्ये संवादांच्या मधल्या जागा भरायला तो लागतो. काठीवरचा माईक माझ्या मदतनिसाच्या, मिरजेच्या इकबालभाईच्या हातात. सगळे पुतळ्यासारखे उभे...

आणि हेडफोनमध्ये कुणीतरी घसा खाकरला.

मग, दारातून आत येत असल्यासारखं, आधी लांबून आणि मग अगदी जवळ — "अगं ए... आलो मी. च्या ठेव."

शेतातून आल्यावर अण्णा हेच म्हणायचे. अस्संच.

"कोण बोललं?" मी ओरडलो. सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. फक्त इकबालभाई, त्याच्याही कानाला हेडफोन होता, तो म्हणाला, "कोण म्हातारं माणूस आलं रं आत?" तो घराला फेरी मारून आला. बाहेर कुणी नव्हतं.

मी घरी फोन लावला, अण्णा कुठं आहेत विचारलं. आई म्हणाली, "झोपल्यात की. का रं?"

रेकॉर्डिंग परत लावलं. आवाज होता. स्वच्छ.

सुट्टी मिळाली तसा ते फोनवर घेऊन गावी गेलो. आईला ऐकवलं, तर तिनं फोनकडं नाही, दाराकडं बघितलं. मग पदर तोंडाला लावला. "ह्येंचाच हाय. ह्येंचाच."

अण्णांनी शांतपणे ऐकलं आणि मान हलवली. ओठांनी म्हणाले, "त्यो मी न्हवं."

आपला रेकॉर्ड केलेला आवाज कुणालाच आपला वाटत नाही, मुरलेले नटही दचकतात. म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. आई म्हणाली, "माझ्या फोनमदी घाल." घातलं.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा दारातच थांबलो. आई चुलीपाशी फोन कानाला लावून बसली होती आणि हसत म्हणत होती, "ठेवते की! आधी हातपाय धुवा." परत लावायची, परत उत्तर द्यायची. अण्णा सोप्यात बसून सगळं ऐकत होते. ऑपरेशनपासून ते टाळी वाजवून तिला बोलवायचे. त्यांनी टाळी वाजवली. मग आणखी एकदा. ती वळली नाही.

मी म्हणालो, "आई, अण्णा बोलवत्यात."

"थांब जरा," ती म्हणाली. "ह्ये बोलत्यात."

अण्णा उठले. तिच्या हातातून फोन घेतला, गोठ्याकडं गेले आणि जनावरांच्या हौदात सोडून दिला. फेकला नाही... सोडला. मग हौदाच्या काठाला धरून उभे राहिले. गळ्यातून श्वासाची शिट्टी येत होती.

आई धावत आली. पाण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तुझ्याकडं हाय न्हवं त्ये?"

अण्णाही माझ्याकडंच बघत होते.

"न्हाई आई," मी म्हणालो. "पुसलं गेलं."

पुसलेलं नाही. माझ्याकडं आहे. माझ्याच धंद्यातल्या दोघांना ऐकवलं. म्हणाले, म्हाताऱ्या माणसाचा साधा आवाज आहे, यात विचारण्यासारखं काय? तो अण्णांचा असेल तर ते नाही का म्हणतात? आणि त्यांचा नसेल, तर पाटणच्या त्या घरात येऊन माझ्या आईला चहा टाकायला सांगणारा कोण? मला माहीत नाही. कळेल असं वाटतही नाही.

आईला नवा फोन घेऊन दिला, ती तो उचलत नाही. अण्णांनी टाळी वाजवली की उठते, हवं ते समोर ठेवते, पण त्यांच्याशी बोलत नाही. माझ्याशीही नाही. गावच्या घरात बोलता येणारं एकच माणूस उरलं होतं, आई. आता तिचाही आवाज नाही...