माझं नाक आणि चार अमेरिकन बाटल्या

मसाला भाजताना घड्याळ बघणारी बाई मला कधी पटली नाही. धने कढईत पडले की आधी ओल्या गवतासारखा वास येतो, मग तो गोडसर होतो, आणि नंतर एक क्षण असा येतो की हात आपोआप गॅसच्या बटणाकडे जातो. पवनीत माझ्या काळ्या मसाल्याचं जे काही नाव आहे, ते त्या एका क्षणाचं. वैनगंगेची मासळी घेऊन घरी निघालेली माणसं वाटेत थांबून माझ्याकडून पुडी नेतात, हे वर्षानुवर्षं चाललंय.

तो क्षणच माझ्या हातून गेला. साधा ताप आला, उतरला, आणि जाताना वास घेऊन गेला. मला ते कळलं कढईपाशीच. धने काळे ठिक्कर पडले, घरभर धूर झाला, आमचे हे अंगणातून खोकत आत आले, आणि मी आपली वासाची वाट बघत निवांत उलथनं हलवत उभी. सारं जळून राहिलं म्हणाले. मग आधी काहून नाही सांगितलं, म्हणून मी त्यांच्यावरच ओरडले. बाकी काही असो नसो, नाकावरचा राग जागच्या जागी होता.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, नाकाला पुन्हा शाळेत घाला. रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, निलगिरी हुंगायची आणि हुंगताना तो वास आठवायचा. येईलच याची हमी त्यांनी दिली नाही. मी इमानेइतबारे हुंगत राहिले. लवंग म्हणजे नुसती काडी, लिंबू म्हणजे नुसता गारवा. जेवणाचं तर बोलायलाच नको, तिखट आणि खारट एवढंच काय ते जिभेला कळायचं.

मसाला मात्र बंद ठेवून चालणार नव्हतं. तेव्हा सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, कढईपाशी येऊन बसू लागल्या. मी सून म्हणून आले त्याच वर्षी त्यांनी स्वयंपाकघर माझ्या हाती दिलं होतं आणि पुन्हा कधी त्यात लुडबुड केली नव्हती. आता पाटावर बसून त्या सांगायच्या, थांब, थांब, उतरव आता. मसाला जळायचा नाही, पण मी आतून धुमसत असायची. स्वतःच्या कढईपाशी मला दुसऱ्याच्या नाकानं उभं राहावं लागत होतं. आणि त्याहून मोठी भीती, जी मी कुणाजवळ बोलले नाही: आई थकल्या तर पुढे काय? माझ्या हातात दुसरं काही नव्हतं.

अशात दीर अमेरिकेहून सुट्टीवर आला. येताना भावासाठी अमेरिकन व्हिस्कीच्या चार लहान बाटल्या घेऊन आला. तिकडे त्याला हा नवाच नाद लागला होता, या प्रकाराची त्या प्रकाराशी तुलना करत बसायचा. माझी लवंग हुंगण्याची शाळा त्यानं पाहिली आणि म्हणाला, वहिनी, कंटाळली असशील तर हे हुंग, एकेका बाटलीत पाच-पाच वास हायेत. मी आधी हसले, मग चिडले, मग म्हटलं, बघूच. आमच्या ह्यांचं तोंड एवढंसं झालं.

दिरानं सगळं समजावून सांगितलं. बर्बन निम्म्याहून जास्त मक्याची, आणि ओक लाकडाच्या कोऱ्या पिंपात मुरवलेली. राय त्याच नावाच्या धान्याची, ते धान्य म्हणजे गव्हाचा चुलतभाऊ. टेनेसीची पिंपात जाण्याआधी मेपलच्या कोळशातून थेंब थेंब गाळून घेतात. आणि मक्याची पांढरी, जिला पिंप जवळजवळ लागतच नाही. मला बाकी फारसं कळलं नाही, पण ते पिंप आतून जाळतात हे ऐकलं आणि माझे कान टवकारले. किती जाळायचं त्यावर चव ठरते म्हणाला. अरे, म्हणजे तेही भाजतातच की! त्या दिवशी अमेरिका मला पहिल्यांदा जवळची वाटली.

मग रोज सकाळी मागच्या पडवीत चार स्टीलच्या वाट्या मांडायच्या, प्रत्येकीत जरा जरा ओतायचं. आई आधी हुंगायच्या आणि सांगायच्या, मग मी तेच आठवत हुंगायची. दीर व्हॅनिला म्हणे, कॅरॅमल म्हणे. आईंचं वेगळंच. बर्बन हुंगून म्हणाल्या, गूळ पाकाले ठेवला आन् बुडाले लागला. रायला शहाजिरं आणि मिरं. टेनेसीला, चुलीतला कोळसा पाणी मारून विझवला तसा. पांढरी नाकाशी नेली आणि हसूच लागल्या, हे तं मोहाचीच बहीण हाये. त्यांचं माहेर लाखांदूरकडचं, मोहाच्या दिवसांत अंगणभर फुलं वाळत पडलेली असायची. थेंबही न चाखता त्यांनी चारही बाटल्या ओळखीच्या करून टाकल्या. दिराला तर एवढा आनंद झाला की तो दिवसभर तेच ऐकवत फिरला.

एक दिवस शेजारीण विरजण मागायला मागच्या दारानं आली, आणि बघते तर काय, सासू-सुना सकाळीच दारूच्या वाट्या घेऊन बसलेल्या. दुपारपर्यंत गल्लीभर झालं. मी पदर खोचून भांडायला निघाले होते, पण आईच तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. सून दवा घेऊन राहिली, तुले पायजे काय, एवढंच विचारून परत आल्या. माझ्यासाठी त्या अशा कुणाच्या दारात जातील असं मला कधी वाटलं नव्हतं.

दीर परत गेला. बाटल्या राहिल्या, वाट्या राहिल्या, वास काही आला नाही. मी मनातून आशा सोडली होती, सवय म्हणून हुंगत होते.

मग एका दुपारी भंडाऱ्याहून मिरच्या घेऊन बसनं परत आले. ऊन, गर्दी, डोकं आधीच तापलेलं. चपला काढल्या, उंबरा ओलांडला आणि तिथूनच ओरडले, "रायची बाटली कोणी सांडवली?"

आतल्या खोलीत आई लुगडं गुडघ्यांवर घेऊन बसल्या होत्या, तळहात ओला. त्यांच्या माहेरी गुडघे दुखले की मोहाची दारू चोळतात. इथे कपाटात चार-चार बाटल्या असताना गुडघे कायले ठणकू द्यायचे, असा त्यांचा साधा हिशेब. चोर सापडावा तसं त्यांचं तोंड झालं, थोडीशीच घेतली म्हणाल्या. सातासमुद्रापारची वस्तू गुडघ्याला फासली म्हणून मी सुरू होणारच होते.

"पण तुले कसं समजलं वं, रायचीच हाये म्हणून?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्यापाशी खाली बसले. त्यांचा ओला हात ओढून नाकाशी धरला. शहाजिरं होतं. मिरं होतं. त्याच्या मागे वाळल्या तेंदूपानांच्या गठ्ठ्याचा वास होता, जो त्यांनी मला सांगितलाच नव्हता, म्हणजे तो माझा मला आला होता. आणि त्या सगळ्याच्या खाली त्यांचा हात होता, खोबरेल आणि तपकिरीचा. मी मोठ्यानं रडले. आई आपल्या विचारत राहिल्या, रडतेस काहून, रडतेस काहून.

संध्याकाळी चारही वाट्या मांडल्या. हे माझे डोळे झाकून, वाट्यांची अदलाबदल करून मला चुकवायला बघत होते, मी एकही चुकले नाही. आईंशी वादही घातला. बर्बनमध्ये त्यांना करपलेल्या गुळाचा वास येतो, मला त्यात पिकून काळ्या पडलेल्या केळ्याचाही येतो. टेनेसी मला सगळ्यांत आवडली, कोळशानं तिचा धारदारपणा काढून घेतलाय. ह्यांना शेवटी प्यायला मिळाली, तर म्हणतात चारही सारख्याच. घ्या आता.

पुढचा मसाला मी एकटीनंच चढवला. आई पाटावर नव्हत्या. बाहेर पाहिलं तर पडवीत तांदूळ निवडत बसलेल्या. मी हाक मारली तर तिथूनच म्हणाल्या, "तुले आता वास येते ना? मंग मी कायले येऊ?"

गॅस बारीक करून मी बाहेर गेले. मला गोड बोलता येत नाही, कधी आलंच नाही. तरी म्हटलं, "वास येते, आई. पण इतके दिवस तुमच्या नाकानं माहं घर चाललं. तुमी नाही आल्या तर मले एकटीले करमत नाही."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि पाटावर येऊन बसल्या.

धने गोड झाले. माझा क्षण आला, हात बटणाकडे गेला. थांब, आई म्हणाल्या. मी थांबले. जरा वेळानं म्हणाल्या, उतरव आता.

तो मसाला माझ्या नेहमीच्या रंगापेक्षा थोडा गडद झाला. तेव्हापासून मी तसाच भाजते.