वसंताची पेढी

बस मक्याच्या शेतांतून वळली आणि लाल विटांची ती बँक दिसली. हीच ती! गिरगावातल्या आमच्या खोलीत वसंताने हिचंच चित्र भिंतीला चिकटवलं होतं. वसंता, माझा धाकटा भाऊ, इमारतींचे नकाशे काढायचा. अमेरिकेतल्या एवढ्या नामांकित वास्तुकाराने उतारवयात, मोठी कामं मिळेनाशी झाल्यावर, या आडगावात ही पेढी जीव ओतून बांधली, यावर तो जेवताना आमचं डोकं खायचा.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला निघताना हसत म्हणाला, "परत नाही आलो तर दादा, ती पेढी तू बघून ये."

"घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते!" आईने धपाटा घातला. संध्याकाळी गोळी लागून तो गेल्याचं कळलं.

तेव्हापासून आई खोलीत अवाक्षर काढत नाही. बोलायचं झालं की गॅलरीत येते. गिरणीने मला यंत्रं शिकायला इकडे धाडलं, तेव्हा गॅलरीतच म्हणाली, "त्याचं तेवढं बघून ये रे."

उतरल्यावर समोरच्या खानावळीत कॉर्नब्रेड (मक्याचा जाडसर, गोड पाव) खाल्ला. तिखटाचं नाव नाही, मेलं! मग बँकेच्या दारात सवयीने बूट काढले. काउंटरवरच्या म्हाताऱ्या बाई धावत आल्या.

"पाय दुखतात का?"

"नाही हो. भावाचं देऊळ आहे हे."

त्यांना काय कळलं देव जाणे, पण त्यांनी बूट नीट बाजूला ठेवले. वर रंगीत काचांतून हिरवट ऊन विटांवर उतरत होतं. वसंता सांगायचा, अगदी तस्संच. मला रडू आवरेना.

"पाडणार आहेत म्हणे," बाई म्हणाल्या.

"आत उभं राहून असं बोलू नका! आमच्यात वास्तू तथास्तु म्हणते."

"मग काय म्हणू?"

"राहील म्हणा."

"राहील," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. मीही काहीतरी मागणार होतो. पण मागण्यासारखं उरलं होतं काय?

बोटीने मुंबईला परतलो. आई गॅलरीतच उभी होती. तिला ते ऊन सांगितलं, बाईंचं "राहील" सांगितलं. ती आत गेली आणि चित्रासमोर उभी राहिली. मी उंबऱ्यातच थांबलो.

"वसंता," ती खोलीत मोठ्याने म्हणाली, "दादाने बघितलं हो सगळं. आता सुखाने नीज, बाळा."

आणि मग तिथेच उभी राहिली, वास्तू काही म्हणते का ते ऐकत.