जग बुडायच्या दिवशी पानशेतला

गेल्या थंडीत सासूबाईंच्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला. येत्या शनिवारी जग बुडणार, असं त्यात एक महाराज ठासून सांगत होते. आमच्या विंझर गावात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. भात झोडून झालं होतं, लोकांना वेळही होता.

सासूबाई आधी हसल्या. "कलियुग संपायला अजून लई वर्सं हायेत. पांढऱ्या घोड्यावर कल्की येनार, मग संपंल." तरी संध्याकाळी त्यांनी शेजारच्या अंगणवाडीताईंना गाठलंच. ताई बौद्ध. "तुमच्यात काय सांगत्यात ओ?"

ताई तांदूळ निवडत होत्या. "जे तयार झालंय ते कधीतरी मोडनारच, आमी एवढंच मानतो. त्याला भ्यायचं कशाला? हाय तवर नीट वागायचं."

हे सासूबाईंना पटलं, पण पुरलं नाही. शुक्रवारी माझं ब्लाऊज आणायला आम्ही दोघी शिंपीचाचांकडे गेलो. तिथेही तोच प्रश्न. चाचांनी मशीन थांबवली.

"कयामत आमच्यात बी हाय. पर दिवस कुठला, ते अल्लालाच ठाऊक. त्या दिवशी समद्यांना उठवून हिशेब इचारनार."

"कसला हिशेब?"

"कुनाशी कसं वागलो, त्याचा."

"भनीशी बोलत नसलं, तर त्याचा बी?"

"त्याचा तर आधी," चाचा म्हणाले आणि त्यांनी मशीन पुन्हा सुरू केली.

सासूबाईंची धाकटी बहीण पानशेतला राहते. माझ्या लग्नात तिला दिलेली मानाची साडी हलकी निघाली, एवढ्यावरून दोघींचं बोलणं तुटलं होतं. माझा मुलगा शाळेत जायला लागला, तरी मी या मावशींना लग्नानंतर पाहिलं नव्हतं. भांडण माझ्या लग्नातलं, त्यामुळे मला उगाच अपराधी वाटायचं.

शनिवारी सकाळी सासूबाई नवं लुगडं नेसून दारात उभ्या. "चल. पानशेतला जायचंय."

आम्ही जीपने निघालो. घाटात वळण आलं की त्या माझा हात धरायच्या.

मावशींची धरणाजवळ खानावळ आहे. शनिवार म्हणजे पुण्याच्या गाड्यांची रांग. मावशी चुलीपुढे घामाघूम झालेल्या. त्यांनी वर पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी लागेल असं बोलणार.

"हात धू," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "भाकऱ्या थापायला आज मानूस न्हाई आलं."

सासूबाई पदर खोचून परातीपुढे बसल्या. मी ताटं वाढायला लागले. तीन वाजेपर्यंत मान वर करायला फुरसत नव्हती. गिऱ्हाईक ओसरल्यावर आम्ही तिघी मागच्या पडवीत जेवायला बसलो.

"आज जग बुडनार हाय म्हनं," सासूबाई भाकरी मोडता मोडता म्हणाल्या. "म्हनून आले."

"मला बी आलाय त्यो व्हिडिओ," मावशी म्हणाल्या. "म्या म्हनलं, आज धंदा करावा. उद्या उरलो तर अक्काकडं जाऊन येऊ."

सासूबाईंना हसताना ठसका लागला. मावशींनी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि तो हात बराच वेळ तिथेच राहिला.

निघायच्या वेळी मी पिशवी उचलली, पण सासूबाई हलल्या नाहीत. "तू जा. उद्या रविवार, हितं लई गर्दी असती. एकटीला कसं जमंल तिला?"

मी एसटीच्या खिडकीत बसले. बाहेर धरणाच्या पाण्यावर ऊन उतरलं होतं, आणि मला फार बरं वाटत होतं. सासूबाई पुढचा सोमवार उलटला तरी घरी आल्या नाहीत.